गेमचा सोर्स कोड सांभाळायचा कसा? नाशिकच्या छोट्या स्टुडिओंसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परीक्षेचा पेपर फुटतो तेव्हा तिजोरी बहुधा शाबूतच असते. पेपर फुटतो छपाईत, वाहतुकीत, नाहीतर कुणाच्या तरी मोबाइलच्या कॅमेऱ्यातून. गेमच्या कोडचंही तसंच आहे. म्हणून खालच्या उत्तरांमध्ये दोनच गोष्टींवर भर दिला आहे: कोड जिथे जिथे पोचतो त्या जागा कमी करणं, आणि तो फुटलाच तरी गेम आणि धंदा उभा राहील अशी तजवीज आधीच करून ठेवणं.

आम्ही पाच जण आहोत, गंगापूर रोडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये काम करतो. आमचा कोड कोण कशाला चोरेल?

तुमचं नाव ठाऊक असलेला माणूस चोरी करतो असं नाही. इंटरनेटवर दिवसरात्र चालणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) नव्याने आलेल्या पब्लिक कमिटमध्ये, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमधल्या ताज्या बदलांमध्ये, क्लाउडच्या चाव्या (खातं उघडणारे गुप्त शब्द) शोधत असतात. चावी सापडली की काही मिनिटांत तुमच्या खात्यावर क्रिप्टो मायनिंगची मशिनं उभी राहतात आणि बिल तुमच्या नावावर फाटतं. गेम कसला आहे याच्याशी त्या बॉटला देणंघेणं नसतं.

दुसरं कारण म्हणजे तुमचा क्लायंट. नाशिकमधल्या बऱ्याच टीम पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या स्टुडिओंसाठी पोर्टिंग (गेम दुसऱ्या उपकरणावर आणणं), आर्ट, टेस्टिंगची कामं करतात. मोठ्या स्टुडिओचा दरवाजा भक्कम असेल, तर चोर त्याच्या लहान पुरवठादाराकडून आत शिरतो. कोड तुमच्याकडून फुटला की करारातल्या नुकसानभरपाईच्या कलमाला सामोरं तुम्हालाच जावं लागतं.

मोठमोठ्या कंपन्यांचे कोड नेमके कसे फुटले?

हा इतिहास नीट वाचावा. त्यात तंत्रापेक्षा माणसांच्या सवयी जास्त दिसतात.

२००३ मध्ये वॉल्व्हच्या हाफ-लाइफ २ चा कोड गेम बाहेर पडायच्या आधीच इंटरनेटवर आला. घुसखोर कंपनीच्या नेटवर्कमध्ये बराच काळ वावरत होता. गेम २००४ च्या नोव्हेंबरमध्ये आला.

जून २०२१ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्समधून सुमारे ७८० जीबी माल गेला. त्यात फिफा २१ चा आणि फ्रॉस्टबाइट या गेम बनवायच्या इंजिनचा कोड होता. चोरांनी सांगितलेली पद्धत अशी: १० डॉलरला चोरीच्या कुकीज विकत घेतल्या, त्यांच्या जोरावर कंपनीच्या स्लॅक या चॅटमध्ये शिरले, आणि आयटी सपोर्टला मेसेज केला की पार्टीत फोन हरवलाय, लॉगिनचं टोकन द्या. सपोर्टने ते दिलं. पासवर्ड फोडायची गरजच पडली नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ट्विच या गेम-स्ट्रीमिंग साइटचा १२५ जीबीच्या आसपासचा डेटा बाहेर आला. कारण होतं सर्व्हरच्या सेटिंगमध्ये बदल करताना झालेली चूक. सप्टेंबर २०२२ मध्ये रॉकस्टारच्या जीटीए ६ चे सुमारे ९० व्हिडिओ फुटले. त्यामागे एक किशोरवयीन मुलगा होता. पोलिसांनी हॉटेलच्या खोलीत ठेवलेलं असताना, लॅपटॉप जप्त झालेला असताना, त्याने टीव्हीला लावायची ॲमेझॉनची फायर स्टिक आणि मोबाइल वापरून कंपनीच्या स्लॅकमध्ये प्रवेश मिळवला, असं ब्रिटनमधल्या न्यायालयात मांडलं गेलं. जानेवारी २०२३ मध्ये रायट गेम्सच्या कर्मचाऱ्याला फसवून लीग ऑफ लेजेंड्सचा आणि एका जुन्या अँटी-चीटचा (खेळातली फसवणूक, म्हणजे चीट, रोखणाऱ्या सॉफ्टवेअरचा) कोड नेला गेला. डिसेंबर २०२३ मध्ये इन्सोम्नियाक या गेम स्टुडिओचा १.६७ टीबी डेटा उघडा पडला. त्यात कर्मचाऱ्यांची खासगी कागदपत्रंही होती.

इथे चॅटचं लॉगिन, सपोर्टचा माणूस आणि सर्व्हरचं सेटिंग हे तीन शब्द पुन्हा पुन्हा येतात. तुमच्याकडे सपोर्ट विभाग नसेल, पण व्हॉट्सॲप ग्रुप असतोच. त्यावर 'फोन बदललाय, ओटीपी पाठव ना' असा मेसेज आला की समोरच्याला फोन करून आवाज ऐकल्याशिवाय काहीही पाठवायचं नाही, एवढा नियम आजच करा.

आमचा रेपो (कोड ठेवायची जागा) प्रायव्हेट आहे आणि सगळ्यांना टू-फॅक्टर लावलंय. एवढं पुरत नाही का?

टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डसोबत ओटीपीसारखी दुसरी खूण, लॉगिनच्या क्षणी राखण करतं. लॉगिन झाल्यावर ब्राउझरमध्ये जी सेशन कुकी उरते, ती चोरली तर टू-फॅक्टर विचारलंच जात नाही. आजची चोरीची सॉफ्टवेअर, म्हणजे रेडलाइन, लुमा वगैरे, नेमक्या याच कुकीज, सेव्ह केलेले पासवर्ड आणि टोकन उचलतात. गेमवाल्यांपर्यंत ती तीन वाटांनी येतात: क्रॅक केलेली सॉफ्टवेअर आणि फुकट वाटलेले पेड ॲसेट (गेमची चित्रं, आवाज, मॉडेल), डिस्कॉर्डवर 'माझा गेम जरा टेस्ट करून सांग' म्हणत आलेली एक्सई फाइल, आणि नोकरीच्या मुलाखतीची चाचणी म्हणून पाठवलेला प्रोजेक्ट. तिसऱ्या वाटेबद्दल फार कमी लोक सावध असतात. युनिटी या गेम इंजिनचा प्रोजेक्ट नुसता एडिटरमध्ये उघडला तरी त्यातल्या एडिटर स्क्रिप्ट चालू शकतात. प्ले दाबावं लागत नाही. अनोळखी प्रोजेक्ट उघडायचाच असेल तर नेटवर्क बंद केलेल्या व्हर्च्युअल मशिनमध्ये (संगणकातच चालणाऱ्या वेगळ्या आभासी संगणकात) उघडा.

उपाय चार. क्रॅक असलेल्या मशिनवर रेपोचं लॉगिन नाही, हा पहिला. ॲडमिन खात्यांना एसएमएसऐवजी हार्डवेअर सिक्युरिटी की किंवा पासकी. प्रत्येकाला दोन की, एक वापरात आणि एक कपाटात. रोजच्या कामाचं विंडोज खातं ॲडमिनचं नको. आणि गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर जुन्या 'क्लासिक' टोकनऐवजी (टोकन म्हणजे पासवर्डच्या जागी चालणारी चावी) फाइन-ग्रेन्ड टोकन वापरा. क्लासिक टोकनला रेपोची परवानगी दिली की तुम्हाला दिसणारे सगळेच रेपो त्याला खुले होतात. फाइन-ग्रेन्ड टोकन एकाच रेपोपुरतं, फक्त वाचण्यापुरतं आणि ३० किंवा ९० दिवसांच्या मुदतीचं करता येतं.

चुकून एपीआय की (बाहेरची सेवा वापरायची गुप्त चावी) कमिट झाली. लगेच दुसरी कमिट करून काढून टाकली. आता चालेल ना?

नाही. गिट, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, जुनं काही विसरत नाही. की इतिहासात तशीच असते आणि एका कमांडने सापडते. इथे क्रम महत्त्वाचा आहे.

१. आधी की रद्द करा, नवी काढा. इतिहास साफ करायला बसण्यापूर्वी हे व्हायलाच हवं, कारण की कुणी घेतली असेल तर साफसफाईने ती त्याच्याकडून परत येत नाही.
२. त्या सेवेच्या लॉगमध्ये पाहा की मधल्या वेळात की कुठल्या पत्त्यावरून वापरली गेली.
३. मग गिट फिल्टर-रेपोने इतिहासातून फाइल काढा आणि फोर्स पुश करा, म्हणजे साफ केलेला इतिहास जुन्याच्या जागी चढवा.
४. टीममधल्या प्रत्येकाने जुनी प्रत टाकून नव्याने क्लोन करायचं, म्हणजे प्रत उतरवायची. एकानेही जुन्या प्रतीतून मर्ज करून पुश केलं, तर काढलेला इतिहास परत येतो. हे नेहमी घडतं.
५. फोर्क (दुसऱ्याने घेतलेली रेपोची प्रत) आणि पुल रिक्वेस्टमध्ये (बदल सामील करून घ्यायची विनंती) जुनी कमिट उरते. तिचा हॅश (ओळखीचा आकडा) ठाऊक असलेल्याला ती उघडता येते. त्यासाठी गिटहबच्या सपोर्टला लिहावं लागतं.

पुन्हा असं होऊ नये म्हणून गिटलीक्स हे मोफत साधन प्री-कमिट हुकमध्ये (कमिटच्या आधी आपोआप चालणाऱ्या तपासणीत) लावा. हुक टाळून कमिट करता येते, म्हणून तीच तपासणी बिल्ड सर्व्हरवरही (कोडमधून चालता गेम, म्हणजे बिल्ड, तयार करणाऱ्या मशिनवर) चालवा. पब्लिक रेपोवर गिटहब स्वतःच ओळखीच्या चाव्या असलेला पुश अडवतं. प्रायव्हेट रेपोवर त्या सोयीचे पैसे पडतात.

एक उपयुक्त युक्ती: रेपोमध्ये मुद्दाम एक खोटी क्लाउड की ठेवता येते. ती कुणी वापरून पाहिली की तुम्हाला मेल येतो. याला कॅनरी टोकन म्हणतात आणि ती मोफत मिळते. कोड बाहेर गेला आहे हे कळण्याचा इतका स्वस्त मार्ग दुसरा नाही.

फ्रीलान्सर आर्टिस्टला फक्त ॲसेटचं फोल्डर द्यायचंय. गिटमध्ये जमतं का?

जमत नाही. गिटमध्ये रेपो वाचायची परवानगी म्हणजे सगळा रेपो आणि सगळा इतिहास. फोल्डरनिहाय कुलूप नसतं. म्हणून सुरुवातीलाच रेपो वेगळे करा: क्लायंटचा कोड, सर्व्हरचा कोड, ॲसेट, बिल्डच्या स्क्रिप्ट. सर्व्हरचा कोड आणि अँटी-चीटचा भाग दोघा-तिघांपलीकडे कुणाला दिसायची गरज नसते.

फोल्डरनिहाय परवानगी हवीच असेल तर पर्फोर्स हे गिटसारखंच दुसरं साधन बरं. पण ते बसवतानाच्या काही चुका महागात पडतात.

पर्फोर्स बसवताना काय चुकतं?

पहिली आणि सर्वात वाईट चूक म्हणजे पी४ प्रोटेक्ट ही परवानग्या ठरवायची कमांड कधीच न चालवणं. ते चालवेपर्यंत सर्व्हरला जोडलेला प्रत्येक माणूस सुपरयूझर, म्हणजे सगळे हक्क असलेला, असतो. जुन्या आवृत्त्यांमध्ये भर म्हणजे अनोळखी नावाने कमांड दिली तरी नवं खातं आपोआप तयार होतं. ते बंद करायला डीएम डॉट यूझर डॉट नोऑटोक्रिएट हे मूल्य २ करा. सिक्युरिटी हे मूल्य किमान ३ हवं, म्हणजे लॉगिन करून मिळणारं तात्पुरतं तिकीट घेऊनच आत येता येतं. ४ केलं तर दुसऱ्या सर्व्हरच्या नावाखाली विनापासवर्ड डोकावणारी 'रिमोट' वाटही बंद होते.

परवानग्यांच्या तक्त्यात खालची ओळ वरच्या ओळीवर मात करते. आर्टिस्टला सर्व्हरचं फोल्डर नाकारणारी ओळ वर आणि 'सगळ्यांना लेखन' ही ओळ खाली असेल, तर नाकारण्याला काही अर्थ उरत नाही. तक्ता बदलल्यावर त्या आर्टिस्टच्या खात्यानेच लॉगिन करून बघा.

पर्फोर्सचं पोर्ट १६६६ थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. ऑफिसमधल्या मशिनवर सर्व्हर असेल तर ब्रॉडबँडच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करायचा मोह होतो, कारण घरून काम करणाऱ्याला ते सोपं पडतं. त्याऐवजी वायरगार्ड हे व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खासगी कुलूपबंद वाट) लावा. प्रत्येक लॅपटॉपची वेगळी की, आणि लॅपटॉप हरवला की फक्त तीच की काढायची. सर्व्हरचा पत्ता एसएसएलने सुरू होणाराच हवा.

कॉलेजचे इंटर्न घेतो. त्यांच्याकडून काय काळजी घ्यावी?

नाशिकमध्ये इंजिनिअरिंग कॉलेजं भरपूर आहेत आणि उन्हाळ्यात इंटर्न सहज मिळतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. गळती होते ती दोन ठिकाणी: शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट रिपोर्टला जोडलेला कोड, आणि नोकरीसाठी गिटहबवर टाकलेला 'माझं काम' हा पब्लिक रेपो. पहिल्याच दिवशी तोंडी आणि लेखी सांगा की रिपोर्टमध्ये काय चालेल आणि पोर्टफोलिओत काय चालेल. नुसतं 'काहीच दाखवायचं नाही' म्हटलं की मुलं लपून टाकतात. त्यांना दाखवता येईल असा गेमप्लेचा व्हिडिओ किंवा छोटा स्वतंत्र नमुना तुम्हीच करून द्या.

काम संपलं की खाती त्याच दिवशी बंद करायची, निरोपाच्या चहाच्या आधी. यादी अशी: मेल, रेपो, चॅट, क्लाउड, बिल्ड सर्व्हरवरची एसएसएच की (सर्व्हरवर दुरून शिरायची चावी), वायरगार्डची की, प्ले कन्सोल आणि स्टीमवर्क्स ही गेम प्रसिद्ध करायची खाती, डिस्कॉर्डवरचे मॉडरेटर हक्क, आणि ज्या सामायिक खात्यांचे पासवर्ड त्यांना ठाऊक होते ते सगळे. रेपोला जोडलेल्या डिप्लॉय की (मशिनला रेपो उघडून देणाऱ्या चाव्या) माणसाच्या खात्यासोबत जात नाहीत, त्या वेगळ्या काढाव्या लागतात.

एनडीए केला म्हणजे कोड आमचा झाला ना?

एनडीए गुप्ततेचा करार आहे, मालकीचा नव्हे. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती धरली जाते. नोकरीतल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कलम १७ नुसार नोकरी देणारा असतो. फ्रीलान्सरचं तसं नाही. त्याने लिहिलेला कोड त्याचाच राहतो, जोवर तो लेखी सहीनिशी तुमच्या नावे हस्तांतरित करत नाही.

त्या हस्तांतरणातही कलम १९ मधल्या तीन गोष्टी लिहायला विसरू नका. मुदत लिहिली नाही तर हक्क फक्त ५ वर्षांचा धरला जातो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरता. आणि मिळालेला हक्क १ वर्षात वापरला नाही तर तो संपुष्टात येऊ शकतो, करारात वेगळं म्हटलं नसेल तर. जगभर विकायचा गेम 'फक्त भारतापुरता' ठरला तर पब्लिशर पुढे येत नाही.

भारतात व्यापार गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. संरक्षण मिळतं ते करारातून आणि विश्वासभंगाच्या तत्त्वातून. नोकरी सोडल्यावर 'दोन वर्षं दुसऱ्या गेम कंपनीत जायचं नाही' अशी अट मात्र भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे टिकत नाही. तिच्या भरवशावर राहू नका. गुप्ततेची अट नेमक्या शब्दांत लिहा.

गेम प्ले स्टोअरवर टाकल्यावर कुणी एपीकेमधून (अँड्रॉइडच्या इन्स्टॉल फाइलमधून) कोड काढू शकतो का?

हो, आणि किती निघतो हे तुमच्या सेटिंगवर आहे.

युनिटीत स्क्रिप्टिंग बॅकएंड (कोड चालवायची पद्धत) मोनो असेल तर मॅनेज्ड फोल्डरमधली असेंब्ली-सीशार्प नावाची डीएलएल डीएनस्पाय किंवा आयएलस्पाय या कोड वाचून दाखवणाऱ्या साधनात उघडायची. जवळजवळ तुम्ही लिहिला तसाच कोड समोर येतो, फक्त कॉमेंट सोडून. आयएल२सीपीपी ही दुसरी पद्धत निवडली की तर्क यंत्रभाषेत जातो. तरीही ग्लोबल-मेटाडेटा या फाइलमधून क्लास आणि फंक्शनची नावं मोफत साधनांनी बाहेर काढता येतात. 'चेकप्रीमियमयूझर' असं स्पष्ट नाव दिलेलं फंक्शन चोराला वाट दाखवतं, म्हणून महत्त्वाच्या भागांची नावं तरी ऑबफस्केटरने (नावं बदलून गोंधळवणाऱ्या साधनाने) पुसा.

बिल्ड देताना होणारी चूक याहून साधी असते. आयएल२सीपीपीच्या बिल्डसोबत युनिटी एक फोल्डर तयार करते, ज्याच्या नावातच 'बॅकअप घ्या पण गेमसोबत पाठवू नका' असं इंग्रजीत लिहिलेलं असतं. युनिटीच्याच बर्स्ट या कंपायलरच्या डीबग माहितीचं फोल्डरही 'डू नॉट शिप' म्हणतं. घाईत अख्खं आउटपुट फोल्डर झिप करून टेस्टरला पाठवलं की ही दोन्ही जातात. अनरियल या दुसऱ्या इंजिनमध्ये हीच चूक पीडीबी (डीबग माहितीच्या) फाइल्सची होते. वेब बिल्डमध्ये सोर्स मॅपची (मूळ कोडपर्यंत नेणाऱ्या फाइलची), आणि सर्व्हरवर कॉपी झालेल्या डॉट गिट फोल्डरची. पाठवायच्या फाइल्सची यादी स्क्रिप्टमध्ये पक्की करा, हाताने झिप करणं बंद करा.

अनरियलमध्ये पॅक फाइल्स (गेमचा माल बांधलेल्या फाइल्स) एईएस-२५६ या एन्क्रिप्शनने कुलूपबंद करता येतात. पण गेमला त्या उघडाव्या लागतात, म्हणजे चावी एक्झिक्युटेबलमध्येच असते आणि ती काढणारी साधनं आहेत. शिवाय ती चावी प्रोजेक्टच्या डिफॉल्टक्रिप्टो नावाच्या आयएनआय फाइलमध्ये बसते आणि गुपचूप रेपोत कमिट होते. गोडो या इंजिनची पीसीके ही तशीच फाइल मुळात उघडीच. तिला कुलूप लावायचं तर ६४ हेक्स अंकांची चावी देऊन एक्सपोर्ट टेम्प्लेट स्वतः कंपाइल करावं लागतं, आणि ती चावीही शेवटी बिल्डमध्येच राहते.

या सगळ्यातून चोराचा वेळ वाढतो, एवढंच. तो वाढवणं उपयोगाचं आहे, पण खेळाडूच्या हातात दिलेल्या फाइलमध्ये गुपित ठेवायचंच नाही हा नियम त्याच्याही वर.

मग गुपित ठेवायचं कुठे?

सर्व्हरवर. नाण्यांचा हिशेब, खरेदीची पडताळणी, सामन्याचा निकाल, लूटचं (गेममध्ये मिळणाऱ्या बक्षिसांचं) गणित हे सगळं सर्व्हरने ठरवावं. क्लायंटने फक्त विनंती करावी. पेमेंटच्या पावतीची पडताळणी फोनवर केली तर कोड न फुटताही फसवणूक होते.

कोड फुटल्यावर सर्वात मोठं नुकसान चीटचं असतं. रायटने २०२३ मध्ये स्वतःच सांगितलं होतं की फुटलेल्या कोडमुळे नवे चीट निघण्याची शक्यता वाढते. ज्या गेममध्ये क्लायंटवर विश्वास कमी, त्या गेमला ही झळ कमी लागते. 'उद्या आमचा क्लायंट कोड जसाच्या तसा बाहेर गेला तर काय मोडेल?' हा प्रश्न डिझाइनच्या बैठकीत दर वेळी विचारावा. 'सगळंच' असं उत्तर आलं तर ते आर्किटेक्चर बदलायला हवं.

फायरबेस (गूगलची तयार डेटाबेस-सर्व्हर सेवा) वापरणाऱ्यांसाठी: गूगल-सर्व्हिसेस नावाच्या जेसन फाइलमधली की दिसली म्हणून घाबरू नका, ती बिल्डमध्ये असणारच. खरी राखण सिक्युरिटी रूल्समध्ये आहे. टेस्ट मोडचे 'सगळ्यांना वाचन-लेखन' हे नियम तसेच ठेवून गेम बाहेर काढला तर डेटाबेस उघडा आहे.

साइनिंगची कीस्टोअर फाइल (गेम तुमचाच असल्याची डिजिटल सही करणारी चावी) कुठे ठेवावी?

रेपोत नाही, व्हॉट्सॲपवर नाही, गूगल ड्राइव्हच्या सामायिक फोल्डरमध्ये नाही. प्ले ॲप साइनिंग चालू असेल तर तुमच्याकडे फक्त अपलोड की असते आणि ती हरवली किंवा फुटली तर गूगलकडून बदलून घेता येते. ते चालू नसलेल्या जुन्या गेमची मूळ की हरवली तर त्याच नावाखाली अपडेट देता येत नाही. दोन कुलूपबंद पेन ड्राइव्ह, दोन वेगळ्या घरांत, आणि पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये. स्टीमवर बिल्ड चढवायला वेगळं खातं करा, त्याला त्या एकाच गेमचे मोजके हक्क द्या. ऑक्टोबर २०२३ पासून, आधीच प्रसिद्ध झालेल्या गेमच्या मुख्य ब्रांचवर (सगळ्या खेळाडूंना मिळणाऱ्या आवृत्तीवर) बिल्ड लाइव्ह करताना स्टीम फोनवर कोड मागतं, तो फोन नंबर संस्थापकाचा असावा.

बिल्ड सर्व्हरला इतकं महत्त्व का?

कारण कोड, चाव्या आणि साइनिंग हे तिन्ही एकाच ठिकाणी भेटतात ते तिथे. मार्च २०२५ मध्ये गिटहब ॲक्शन्स या आपोआप बिल्ड करायच्या सोयीतली टीजे-ॲक्शन्स यांची 'चेंज्ड-फाइल्स' ही लोकप्रिय ॲक्शन बिघडवली गेली. तिची जुनी व्हर्जन टॅगसुद्धा दुष्ट कोडकडे वळवली होती आणि बिल्डमधल्या चाव्या लॉगमध्ये छापल्या जात होत्या. ती २३,००० हून अधिक रेपोंमध्ये वापरात होती. ज्यांनी ॲक्शन टॅगऐवजी पूर्ण कमिट हॅशला बांधली होती ते बचावले. तुम्हीही तसंच बांधा. स्वतःच्या ऑफिसमधलं मशिन रनर (बिल्ड चालवणारं मशिन) म्हणून पब्लिक रेपोला जोडू नका. कुणीही पुल रिक्वेस्ट पाठवून तुमच्या मशिनवर कोड चालवू शकतो.

लॅपटॉप दुरुस्तीला द्यायचाय. काय करावं?

एम. जी. रोडला असो की घराजवळच्या दुकानात, दुकानदार प्रामाणिक असला तरी डिस्क उघडी देऊ नये. विंडोज प्रोवर बिटलॉकर, मॅकवर फाइलव्हॉल्ट, लिनक्सवर लक्स हे डिस्क कुलूपबंद करणारं साधन आधीपासून चालू हवं. रिकव्हरी की त्याच लॅपटॉपमध्ये ठेवू नका. दुकानात विंडोजचा पासवर्ड मागतात; तो देण्याऐवजी एसएसडी काढून घ्या, बहुतेक लॅपटॉपमध्ये ती एका-दोन स्क्रूवर असते. ती बोर्डवरच जोडलेली असेल तर आधी बॅकअप घेऊन पुसून द्या.

बॅकअप तीन प्रतींत, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक ऑफिसबाहेर. बाहेरची प्रत रेस्टिकसारख्या साधनाने कुलूपबंद करूनच पाठवा. पावसाळ्यात वीज गेल्याने अर्धवट राहिलेला बॅकअप पूर्ण समजला जातो, म्हणून महिन्यातून एकदा तो उघडून खरोखर एक बिल्ड करून बघा.

एआयला कोड दाखवला तर तो फुटला म्हणायचं का?

क्लायंटचा कोड असेल तर आधी करार वाचा; बऱ्याच करारांत 'तिसऱ्या पक्षाला उघड करणे' यात हेही येतं. २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी चॅटजीपीटीमध्ये कोड टाकल्यावर कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली होती. वापरायचंच असेल तर प्रशिक्षणासाठी डेटा न घेणारी व्यावसायिक योजना घ्या, आणि चाव्यांच्या फाइल्स त्या साधनाच्या नजरेआड ठेवा.

कोड फुटलाय असं कळलं. पहिल्या काही तासांत काय करायचं?

संशयित मशिनचं नेटवर्क काढा, पण ते बंद किंवा फॉरमॅट करू नका. मेमरीतला पुरावा जातो.

पासवर्ड बदलणं पुरत नाही. सगळ्या खात्यांत 'सर्व ठिकाणांहून साइन आउट' करा, टोकन, एसएसएच की, ॲप पासवर्ड रद्द करा. क्रम असा ठेवा: आधी मेलचं ॲडमिन खातं, मग रेपो, क्लाउड, बिल्ड सर्व्हर, शेवटी स्टोअर. मेल चोराच्या हातात असताना बाकीचं बदललं तर तो 'फरगॉट पासवर्ड' करून परत येतो. हे सगळं स्वच्छ असल्याची खात्री असलेल्या मशिनवरून करा. या काळात टीमचं बोलणं नेहमीच्या चॅटवर नको, फोनवर करा. चोर चॅट वाचत असू शकतो.

लॉग लगेच उतरवून घ्या. गिटहबवर क्लोन-फेचच्या (कोड कुणी उतरवला याच्या) नोंदी एंटरप्राइज योजनेतच मिळतात आणि त्याही फक्त ७ दिवस राहतात. सोमवारी बघू म्हणून चालत नाही.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना कळल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. हे लहान संस्थांनाही लागू आहे. पूर्ण तपशील हाताशी नसला तरी जेवढं ठाऊक आहे तेवढं कळवा, बाकी नंतर जोडता येतं. क्लायंटच्या करारातली मुदत वेगळी असते, तीही त्याच वेळी बघा.

कोड गिटहबवर दिसला तर डीएमसीए नोटीस (अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याखालची मजकूर हटवायची नोटीस) पाठवा. त्यात प्रत्येक फोर्कचा पत्ता लिहा, नाहीतर मूळ रेपो जातो आणि फोर्क राहतात. ही नोटीस गिटहब सार्वजनिक करतं, तेव्हा त्यात स्वतःची गुपितं लिहू नका.

नाशिकमध्ये तक्रार कुठे आणि कशी करायची?

शहर आयुक्तालयाच्या हद्दीत, म्हणजे सातपूर, अंबड, नाशिकरोड वगैरे, असाल तर शहराच्या सायबर पोलिस ठाण्यात. सिन्नर, ओझरकडे असाल तर ग्रामीण पोलिसांकडे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. खंडणीचे पैसे गेले असतील तर तो तातडीने लावा.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ सोबत ६६ हे इथे लागतं. कलम ४३ मध्ये परवानगीविना डेटा उतरवणं आणि सोर्स कोड चोरणं या दोन्हींचा थेट उल्लेख आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सोबत न्या: घटनाक्रम तारीख-वेळेसह एका पानावर, लॉगच्या मूळ फाइल्स, त्यांचे एसएचए-२५६ हॅश (फाइल बदलली नाही हे दाखवणारा ठसा), कोड तुमचा असल्याचा कमिट इतिहास आणि करार. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात हॅश लिहावा लागतो. फाइल उतरवल्याबरोबर हॅश काढून ठेवला तर पुढे वाद होत नाही.

नुकसानभरपाई ५ कोटींपर्यंत असेल तर राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी म्हणून, दावा करता येतो. कॉपीराइटच्या दाव्यासाठी प्रतिवादीच्या गावी जायची गरज नाही. कलम ६२ प्रमाणे तुमचा धंदा नाशिकला असेल तर दावा नाशिकलाच चालवता येतो.

कॉपीराइटची नोंदणी करावी का? त्यात कोड द्यावा लागतो म्हणे.

हक्क नोंदणीशिवायही असतो. नोंदणीने पुरावा सोपा होतो. कोडची पहिली १० आणि शेवटची १० पानं द्यावी लागतात, काहीही न झाकता. एकूण कोड २० पानांहून कमी असेल तर सगळा. म्हणून प्रिंट काढण्याआधी त्या वीस पानांत चाव्या, सर्व्हरचे पत्ते नाहीत ना ते तपासा.

खंडणी मागितली तर द्यावी का?

नाही. रायटकडे १ कोटी डॉलर मागितले होते, त्यांनी नकार दिला. सीडी प्रोजेक्ट या गेम कंपनीनेही फेब्रुवारी २०२१ मध्ये नकार दिला आणि तो जाहीर केला. पैसे देऊन फाइल्सची प्रत नष्ट झाली याची खात्री करायचा कोणताच मार्ग नसतो.

दुसऱ्या गेमचा फुटलेला कोड शिकण्यासाठी बघितला तर?

बघू नका, टीममध्ये कुणाला उतरवूही देऊ नका. तो कोड बेकायदा मिळालेला आहे. शिवाय पुढे तुमच्या गेममध्ये एखादं फंक्शन त्याच्याशी जुळलं तर 'आम्ही स्वतंत्रपणे लिहिलं' हे सिद्ध करणं जवळपास अशक्य होतं. अशा झिपमध्ये वर सांगितलेली कुकीचोर सॉफ्टवेअर दडवलेली असतात, ती वेगळीच. शिकायचं असेल तर डूमचा कोड १९९७ पासून आणि क्वेकचा १९९९ पासून आयडी सॉफ्टवेअरने स्वतः खुला केलेला आहे, गोडोचं तर अख्खं इंजिन एमआयटी परवान्याखाली उघडं आहे.